वूफरवर ठेवलेला हात

मित्रांनो, गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. डोंगरकडा गावातल्या एका घरात, भिंतीला टेकून बसलेला मी एक जुना होम थिएटर आहे. वीज आली की माझ्या पोटात घूं घूं सुरू होते, कपाळावरचा हिरवा दिवा लागतो, आणि जीव नुसता उतावीळ होतो. आता काहीतरी बोलावं, आता कुणाला तरी डोलवावं. अशा माझ्यावर चार महिने तोंड शिवून बसायची पाळी आली.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. वसमतला खाजा मियांनी आपल्या छोट्या दुकानात मला जोडलं. लाकडाची पेटी ठोकली, आत तांब्याच्या तारेचा जड ट्रान्सफॉर्मर बसवला आणि पाठीला दोन भोकं पाडली, एक लाल, एक पांढरं. तेच माझे कान. टीव्हीचा आवाज तारेतून त्या कानांत यायचा आणि माझ्या पाच स्पीकरांतून आणि ठोका घुमवणाऱ्या एका मोठ्या वूफरमधून घरभर फिरायचा. मला सोनाजीबाबांच्या हवाली करताना खाजा मिया म्हणाले होते, "सोनाजीराव, ह्याचा ठोका छातीत नाही वाजला तर बिनधास्त परत आणा."

मला परत नेण्याची वेळ आली नाही. सोनाजीबाबा म्हणजे गावच्या भारुडात तीस वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस. पुढं त्यांचे कान उणे होत गेले. माणसांचं बोलणं त्यांना लांबून आल्यासारखं वाटायचं. मग ते माझ्याजवळ येऊन बसायचे आणि उजवा हात वूफरवर ठेवायचे. ढोलकीचा ठोका माझ्या पोटातून त्यांच्या तळव्यात, तळव्यातून मनगटात चढायचा. त्यांचा चेहरा उजळायचा आणि लगेच आठी पडायची.

"ढोलकीवाला ताल चुकून राहिला," ते म्हणायचे.

"कानाला तर काही येईना, अन् चूक बरी कळती तुमाला," चतुराबाई, त्यांची कारभारीण, तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या.

"हाताला कळती."

असा तो रोजचा लटका तंटा. किती बारशी, किती हळदी मी वाजवल्या, पण त्या तळव्याइतकं माझं कुणी ऐकलं नाही.

मग दसऱ्याला नवा टीव्ही आला. दाराच्या फळीएवढा रुंद, बोटाएवढा बारीक. त्याच्या पाठीला लाल-पांढरी भोकंच नव्हती. होतं एक इवलंसं चौकोनी तोंड, आणि त्यातून आवाज बाहेर पडायचा तो लाल उजेड होऊन. आता मला सांगा मित्रांनो, उजेड कानानं कसा ऐकावा? माझी तार काढली गेली. अंगावर विणलेला रुमाल आला, रुमालावर प्लास्टिकची फुलं आली. सोनाजीबाबा तीन-चार दिवस येऊन हात ठेवत राहिले. मी गार पडलेलो. शेवटी त्यांनी आपली बाज मागच्या पडवीत नेली आणि भिंतीकडं तोंड करून बसू लागले. जेवण, झोप, आणि कुणी विचारलं तर नुसती मान. त्यांचं बोलणंच आटलं.

एक दिवस मुलगा वैजनाथ म्हणाला, "रविवारी भंगारवाला येतो. देऊन टाकू हा डबा. उगा जागा अडवून राहिला."

माझ्या स्क्रूंना घाम फुटला. पण त्याची बायको पुनम शुक्रवारी वसमतला गेली आणि खाजा मियांकडून काडेपेटीएवढी एक काळी डबी घेऊन आली. त्यांनी तिला सांगितलं होतं, "बेटा, टीव्ही उजेडात बोलतो अन् तुमचा डबा तारेत ऐकतो. हा कन्व्हर्टर मधी बसून एकाचं दुसऱ्याला सांगतो."

शनिवारी सकाळी जोडणी निघाली. पुनम टीव्हीमागं ओणवी होऊन तारा सोडवत होती. चतुराबाई हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. नवी वस्तू तशीच कशी लावायची? डबी एवढीशी, टिळा लावायला कपाळ सापडेना. एका अंगाला छोटंसं चौकोनी दार दिसलं, तिथंच त्यांनी ओलं हळदीचं बोट टेकवलं. दार आत लवलं, बोट आत टेकलं. वरून कुंकू लावून त्या हलक्या सुरात गाऊ लागल्या:

एवढीशी ही डबी आली वसमतहून बाई
माझ्या घरच्या मुक्याला बोल दे गं काहीबाही

मी सगळं बघत होतो. ते दार म्हणजे उजेड आत यायची वाट होती. सांगावं तरी कसं? पुनमनं डबी उचलली तेव्हा तिलाही ती पिवळी दिसली. पण आमच्या भागात नवी वस्तू पिवळी नसेल तरच नवल. तिनं तार खोचली, माझ्या लाल-पांढऱ्या कानांत दोन टोकं बसवली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये बदल केला. मला वीज मिळाली. हिरवा दिवा लागला, घूं घूं सुरू झाली. पडद्यावर भारूड रंगलं होतं.

माझ्या तोंडातून हूं की चूं नाही.

"नवी डबी मुकी, जुना डबा मुका," वैजनाथ म्हणाला. "जोडा बरा जमला."

पुनमनं सासऱ्यांना हात धरून आणलं. त्यांनी तळवा वूफरवर ठेवला. थांबले. मग हात उचलला, धोतराला पुसला आणि उठायला लागले. मित्रांनो, भंगाराच्या गाडीचं मला एवढं भय वाटलं नाही, जेवढं त्या उचललेल्या हाताचं वाटलं.

"मामा, जरा बसा," पुनमनं खांद्याला धरून त्यांना बसवलं आणि खाजा मियांना फोन लावला.

"तारेच्या टोकाला लाल उजेड दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"दिसतो, चाचा."

"मग डबीच्या तोंडात बघ."

पुनमनं डबी डोळ्यांपाशी नेली. "आत पिवळं दिसून राहिलं." मग ती हळूच वळली. "आत्याबाई, टिळा कुठं लावला होता?"

"कपाळाला," चतुराबाई म्हणाल्या.

"ते तोंड होतं."

फोनमध्ये खाजा मिया खोकला येईस्तोवर हसले. "भाभींनी पहिलाच घास हळदीचा भरवला म्हणा. पाणी लावू नको, बेटा. कोरड्या कापसानं पूस."

चतुराबाईंनी देवघरातला वातीचा कापूस आणला आणि स्वतःच बारीक पीळ देऊन पुनमच्या हाती दिला. पुनमनं फिरवत, फुंकर घालत हळद काढली. तार पुन्हा बसली.

धाड् धिन्, धाड् धिन्!

चार महिन्यांचं साठलेलं एकदम उसळलं. प्लास्टिकची फुलं थरथरत खाली पडली. सोनाजीबाबांचा हात आपसूक वूफरवर आला, बोटं लाकडावर चालू लागली. बराच वेळ ते डोळे मिटून होते. मग कपाळावर आठी पडली.

"चतुरे," ते म्हणाले, "ढोलकीवाला ताल चुकून राहिला."

चतुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तुमाला बरं कळतं," एवढंच म्हणाल्या.

रविवारी भंगारवाला आला आणि वैजनाथनं त्याला फुटकी बादली दिली. चतुराबाईंनी मलाही टिळा लावला, लाकडाच्या बरोबर मधोमध, आधी पुनमला विचारून.

मित्रांनो, अजूनही वीज गेली की माझा जीव कासावीस होतो. म्हणून एकच मागणं आहे. घरातलं जुनं कुणी गप्प झालं, तर ते संपलं असं लगेच म्हणू नका. जवळ बसा, हात ठेवा, आणि उजेड कुठं अडलाय ते बघा. कधीकधी तो एका बोटाएवढ्या मायेआडच अडलेला असतो.