ढालवाली मागे जाते

ड्रायरमध्ये पॅन्टची चेन टक् करून काचेवर आपटली. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तळघरात तेवढाच आवाज होता. हेल्मीच्या कानांवरच्या हेडफोनमधून कुणी काही बोलत नव्हते, आणि पलीकडची दोघे एरवी गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हती.

हेल्मी आत्ताच म्हणाली होती, "मला ढाल खाली ठेवायचीय. मी आता मांत्रिक होणार."

"काय वाजतंय तिकडं?" शेवटी ऑर्विलने विचारले.

"एल्सीची पॅन्ट. धुऊन वाळत टाकलीय."

तिघेही कॅनडात, पण एकमेकांपासून लांब: ऑर्विल नोव्हा स्कोशियात, बर्नडेट विनिपेगला, आणि हेल्मी इथे थंडर बेला. तिघांपैकी कुणी कुणाला कधी भेटलेले नव्हते. पण शनिवारी दुपारी तिघांची टोळी संगणकावरच्या खेळात एकाच राक्षसासमोर उभी असायची. ऑर्विल लांबून बाण मारायचा, बर्नडेट जखमा भरायची, आणि ढाल घेऊन पुढे हेल्मी. राक्षसाने मारायचे ते हिलाच. ती मध्येच खुर्चीवरून उठली तर मागची दोघे जागच्या जागी आडवी. म्हणून ती उठत नसे.

आठवडाभर ती शाळेची बस चालवायची. नवरा, डॅरिल, उत्तरेकडच्या खाणीवर. घरी यायचा तो झोप भरून काढायला. मोठ्या माणसांशी हसून-खिदळून बोलणे व्हायचे ते शनिवारीच. ढाल ठेवली तर या दोघांना आपला काय उपयोग, ही भीती तिने हिवाळाभर मनातच ठेवली होती.

पण आज निराळेच झाले होते. एल्सी सहा वर्षांची. आई लढाईत असली की दाराशी उभे राहायचे, हे तिला कुणी शिकवले नव्हते, तरी ती शिकली होती. हळूच विचारायची, "आई, मेला का तो?" मेला म्हटले की मग आपले काम सांगायची. आज राक्षस मरता मरत नव्हता. मेला तेव्हा हेल्मीने वळून पाहिले, तर एल्सी दाराशीच. पॅन्ट ओली, मोजे ओले. रडत नव्हती.

"मी थांबले होते, आई," एवढेच म्हणाली.

हेल्मीने हे सगळे जसेच्या तसे सांगून टाकले. 

"अगं बाई!" बर्नडेट ओरडली. "आणि हे आम्हाला आत्ता सांगतेस? उठायचंस की!"

"तुम्ही दोघं मेला असता ना."

"मेलो असतो नि परत उठलो असतो. आम्ही काय खरंच मरतोय? वेडी कुठली!"

"मला वाटलं, तुम्ही चिडलात. कुणी बोलेचना."

ऑर्विलने घसा साफ केला. "चिडतोय कशाला, पोरी. मला वाटलं तू टोळीच सोडून चाललीस. धस्स झालं मला."

"मलाही," बर्नडेट म्हणाली. "मी तर रडायच्या बेतात होते. आता रडवलंस ते निराळ्याच कारणानं."

 हेडफोनचा माइक हाताने झाकून हेल्मीने एक लांब श्वास सोडला.

"पण मग पुढं कोण उभं राहणार?" तिने विचारले.

"मी," ऑर्विल म्हणाला. "माझे खरे गुडघे गेलेत. खेळातले शाबूत आहेत."

"तुम्ही?" बर्नडेट म्हणाली. "तुम्ही तर गेल्या शनिवारी कोंबडीला बघून पळालात."

"ती कोंबडी साधी नव्हती, बाई."

खेळातला पेशा बदलायचा तो चोरून बदलायचा नाही, असा या टोळीचा रिवाज होता. ऑर्विलची बायको खेळायची तेव्हा तिने घालून दिलेला. चौकात यायचे, एकेक करून जुना साज उतरवायचा, आणि तोवर बाकीच्यांनी जमिनीवर बसून राहायचे. ती गेल्यापासून तशी वेळच आली नव्हती.

आज तिघे चौकात आले. दोघे खाली बसले. हेल्मीने शिरस्त्राण काढले, हातमोजे काढले, छातीचे पोलाद काढले. प्रत्येक वेळी ऑर्विल म्हणाला, "शाब्बास." बायको म्हणायची तसे असेल. मग बुरुजातल्या म्हाताऱ्या मांत्रिकासमोर ती उभी राहिली. त्याने विचारले, ढाल दिलीस तर परत मिळणार नाही, देतेस?

तिचे बोट बटणावर अडले. एल्सी पोटात होती तेव्हाही ती हीच ढाल घेऊन लढली होती. डॅरिल पहिल्यांदा खाणीवर गेला त्या शनिवारीसुद्धा. कड वाकलेली, मधला पितळी ठोकळा झिजून सपाट झालेला. चित्रातलीच, पण तिच्या हाताला तिचे वजन ठाऊक होते.

तिने बटण दाबले. ढाल धुरासारखी विरली. अंगावर निळा झगा आला, हातात बारीकशी काठी.

"एवढंसं कापड?" बर्नडेट म्हणाली. "गारठशील गं!"

हेल्मी हसली. हसताना तिच्या लक्षात आले की आपले खांदे खाली आले आहेत. किती दिवस ते कानांपाशी चढून बसले होते कोण जाणे.

लढाई सुरू झाली आणि बोटांनी घात केला. सवयीने ती पुढेच धावली, झगा फडफडवत थेट राक्षसाच्या पायाशी. एका फटक्यात आडवी.

"अगं ए! काठी घेऊन कुठं निघालीस?"

"मला वाटलं, ढाल आहे."

"माझी जागा आहे ती!" ऑर्विल ओरडला. "बाजूला हो! आता कुठं मला नोकरी लागलीय!"

तिघेही इतके हसले की कुणी धड लढलेच नाही. राक्षसाने सगळ्यांना निवांत मारले.

दुसऱ्या खेपेला ती मागे राहिली. खूप मागे, दगडापाशी. तिथून ठिणग्या टाकायच्या, बस्स. पुढे ऑर्विल शिव्या घालत मार खात होता आणि बर्नडेट त्याच्या जखमा भरत होती.

"आई, मेला का तो?"

एल्सी दाराशी आली होती. मधल्या वेळात हेल्मीने ड्रायरमधून काढून घातलेली कोरडी पॅन्ट, केस विस्कटलेले.

"नाही अजून. ये."

एल्सी हलली नाही. चौकटीला हात लावून उभी.

"ये गं. आता चालतं."

"ते मरतील."

"मेले तर मेले. ये."

हेडफोनमधून बर्नडेट म्हणाली, "घे तिला, आम्ही इथं ठीक आहोत." ऑर्विल म्हणाला, "मी ठीक नाही!"

एल्सी आली, मांडीवर चढली. अंगाला ड्रायरची ऊब. हेल्मीने डावा हात तिच्याभोवती घातला आणि उजव्याने ठिणग्या टाकत राहिली. काही बिघडले नाही. एका हातानेही जमत होते.

"हाच तुला मारायचा?"

"हाच."

"त्याच्या खांद्यावर घरटं आहे."

खरेच होते. शेवाळलेला प्रचंड खांदा, त्यावर काड्यांचे घरटे, आत काहीतरी पांढरे हलत होते. इतके शनिवार या राक्षसाशी लढूनही हेल्मीला त्याचे गुडघे आणि नखेच माहीत होती.

"हो गं. मलाही आजच दिसलं."

"आधी का नाही दिसलं?"

"मी त्याच्या अगदी पायाशी असायचे ना. सगळं लक्ष त्याच्या हाताकडं. तिथून दुसरं काहीच दिसत नाही."

एल्सीने मान हलवली. थोडा वेळ ती पडद्यावरच्या घरट्याकडे पाहत राहिली. मग मान वळवून तिने आईकडे पाहिले.

"मग दाराशी मी दिसायचे का?"