अंबिकाचा डबा

वर्गातली पोरं जाडी म्हणायची, म्हणून दहावीत अंबिकानं जेवण जवळजवळ सोडलं. "आईला कळू देऊ नको," अशी तिनं गळ घातली, तेव्हा तिची मैत्रीण दमयंती मधल्या सुट्टीत रोज तिचा डबा संपवू लागली. मैत्रिणीसाठी एवढं तर करायलाच हवं, असं तिला वाटे.

दिवाळीनंतर अंबिका मुकुंदवाडीतल्या शिकवणीच्या जिन्यात कोसळली. उपासमारीनं हृदय कमजोर झालंय, असं डॉक्टर म्हणाले.

"डबा तर रोज रिकामा यायचा गं," दवाखान्यात अंबिकाची आई दमयंतीला म्हणाली. "मला लई बरं वाटायचं."

"मी खात होते, काकू."

काकूंनी विचारलं, "चव बरी असायची का?"

अंबिका वाचली, पण तिचं वर्ष बुडालं. दमयंतीला काकूंनी पुन्हा घरात घेतलं नाही.