हेदपाडा शेवटी

"सर, माझं आधी घ्या ना. साडेतीनची एसटी आहे."

प्रकल्पप्रमुख रविराज सरांनी मान वर केली नाही. "सिस्टर, सगळ्यांनाच घरं आहेत. हं, पुढचं गाव."

संस्थेच्या इंदिरानगरमधल्या कार्यालयात सभा अकराची होती. सर पावणेदोनला आले. डोंगरातली बावीस उपकेंद्रं, बावीस नर्स. प्रत्येकीचा मासिक अहवाल आठ दिवस आधीच सरांच्या टेबलावर पोचलेला असे. तरीही प्रत्येकीने उभं राहून तो मोठ्याने वाचायचा, गावांच्या अक्षरक्रमाने. मोहिनीचा हेदपाडा शेवटी. हजेरीच्या सह्या सभा संपल्यावर. सही नसली की मेमो, आणि तिसऱ्या मेमोला घरी. १९९७च्या त्या वर्षात दोघी अशा गेल्या होत्या. मोहिनीला दोन मिळून चुकले होते.

सकाळी ती निघाली तेव्हा तानुबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. तिसरी खेप, आधीची दोन्ही वाचली नव्हती. सुईण भागीबाई म्हणाली होती, "तू सांजंला ये, ताई. तवर मी बसते हितं." साडेतीनची गाडी सहाला पाड्यावर पोचायची. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीची.

तीन वाजता कुठे पळसपाड्याचा नंबर लागला. सर मध्येच थांबवत, मागच्या महिन्याचा आकडा विचारत, फोन घेत.

"जा गं," शेजारच्या खुर्चीतली नर्स तृप्ती कुजबुजली. "तुझी सही मी ठोकते."

"डोकी मोजतात ते."

"मग बस गप. तुझ्यावाचून कोणी बाळंत होत नाही का?"

सव्वातीनला मोहिनी पिशवी घेऊन दारापर्यंत गेली.

"सिस्टर," सर म्हणाले, "हा तिसरा होईल."

ती क्षणभर उंबऱ्यावर थांबली. मग येऊन खुर्चीत बसली. चार वाजून दहा मिनिटांनी तिने अहवाल वाचला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा तानुबाई कुडाला टेकून बसली होती. भागीबाई म्हणाली, "नाळ गळ्याला व्हती. तू दावलं तसं फुकून पाह्यलं, ताई. नाय रडलं."

का आली नाहीस, असं कोणी विचारलं नाही. तानुबाईने तिला बसायला गोधडी पुढे सरकवली.

पुढच्या महिन्यात हेदपाड्याचा नंबर पाच वाजता आला. मोहिनी उभी राहिली.

"प्रसूती, चार. नवजात मृत्यू, एक. कारण: प्रसूतीच्या वेळी परिचारिका सभेत होती."

कोणाचं तरी पेन थांबलं. सरांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

"हे काय लिहिलंय? खोडा ते."

"तुमच्या प्रतीतही आहे, सर. आठ दिवस झाले."

सर समोरच्या गठ्ठ्यात तिचा कागद शोधू लागले. मोहिनीने बोट खालच्या ओळीवर नेलं.

"गोवराची लस, अठरा."