उभ्या बाईचं माप

आमच्या ह्यांना बाजारात सगळे ओळंबा म्हणतात. दिसायला तसेच आहेत, दोरीला लटकलेल्या त्या वजनासारखे लांब, सरळ आणि मुके. दारं-खिडक्या बसवण्यात हयात गेली. भिंत वाकडी असली तर घरमालकाच्या तोंडावर सांगतील आणि मग दिवसभर हूं की चूं नाही. मी अगदी उलट. एकवीस वर्षं रोपवाटिकेत काढली मी, आणि रोपांशी बोलायची सवय लागली की माणसांशी बोलताना कुठं थांबायचं ते कळत नाही. पण जे एक वाक्य बोलायला हवं होतं, नेमकं तेवढंच माझ्याच्याने बोलवलं नाही.

गेल्या थंडीत माझ्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि कमरेखालचं सगळं गप्प झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने बघू. घरात चाकांची खुर्ची आली. ह्यांनी तिला कधी नावं ठेवली नाहीत, पण आपलंही म्हटलं नाही. पाहुणीसारखं वागवलं, आज ना उद्या जाईल अशा बेताने.

सहा महिन्यांनी तपासायला मी धाकट्या बहिणीबरोबर गेले, कारण हे एका इमारतीच्या खिडक्यांच्या कामात अडकले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि शांतपणे सांगितलं की पाय आता परत येणार नाहीत. बहीण व्हरांड्यात रडायला लागली. मी तिला म्हटलं, "गप्प बस. त्यांना मी सांगेन."

घरी आलो तर हे दारातच उभे. "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

ते 'बघू' माझं होतं, डॉक्टरांचं नव्हतं. जेवणं झाली की सांगू, असं ठरवून मी ते बोलून टाकलं. पण जेवता जेवता ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि कानावरची पेन्सिल काढून कागदावर एक चौकोन काढला. "मागच्या अंगणात तुझ्या रोपांसाठी काचेची खोली बांधतो. थंडीच्या आत होईल. तोवर तूही हिंडाफिरायला लागशील." एवढं म्हणून हे हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी ताट परत ह्यांच्यापुढे सरकवलं आणि भात वाढला.

मग रोज संध्याकाळी कामावरून आले की चहा घेऊन हे थेट अंगणात. मी खुर्ची मागच्या दाराशी लावून बसायची, मांडीवर स्क्रूचा डबा. हे न बघताच हात मागे करायचे, मी हातावर स्क्रू ठेवायची. आणि हे शीळ घालायला लागले. शीळ म्हणजे काय, तर सूर सोडून सगळं होतं तिच्यात. मी म्हणायची, "अहो, शेजारचं कुत्रं घर सोडून निघालंय बघा." तरी शीळ चालूच. बरं वाटायचं मला, खोटं कशाला सांगू. तुम्हीच सांगा, त्या शिळेच्या मधे घालायचं होतं का मी ते वाक्य?

चौकट उभी राहिली तशी मी मनातल्या मनात मापं घेतली. दार चोवीस इंची, माझी खुर्ची सव्वीस. गार वारा खालून शिरू नये म्हणून चार इंचांचा उंबरठा. आणि रोपांचे ट्रे मांडायची फळी जमिनीपासून चौतीस इंचांवर. फळी लावताना ह्यांनी टेप काढलीच नव्हती. लग्न झाल्यावर स्वयंपाकघरातला ओटा ह्यांनी माझ्या कोपराच्या चार बोटं खाली बांधला होता, मला वाकावं लागू नये म्हणून. ते माप तेव्हापासून ह्यांच्या हातात बसलेलं. खुर्चीत बसलं की फळी माझ्या छातीशी येत होती. माप माझंच होतं, पण गेल्या वर्षीच्या माझं.

"दार जरा रुंद नको का?" मी एकदा विचारून पाहिलं.

"रुंद दारातून ऊब जाते. तूच सांगायचीस ना?"

सांगायची खरी. "मग ट्रे कसे न्यायचे आत?"

"एकेक. दोन्ही हातांत धरून. तेवढाच तुला व्यायाम."

काचा शनिवारी यायच्या होत्या. ह्यांनी टफन काच सांगितली होती. ती कारखान्यातून मापानेच येते, नंतर तिचा एक सूतही कापता येत नाही. साधी काच चालली असती, मी तसं म्हटलंही. "नको," हे म्हणाले. "सुरुवातीला तुझा तोल जाईल. हात आपटला तर साधी काच फुटून लागेल तुला." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

बहिणीचा रोज फोन. "ताई, काचा लागायच्या आत सांग. नाहीतर मी सांगते."

"सांगते म्हटलं ना."

ते वाक्य मी भिंतीला म्हणून पाहिलं, नळाला म्हणून पाहिलं. ह्यांच्यासमोर आलं की तोंडातून निघायचं, "स्क्रू संपत आलेत हं." असाच शुक्रवार गेला.

शनिवारी दुपारपर्यंत काचा लागल्या. काचवाला गेला. हे कपडा घेऊन एकेक काच पुसून आले, आत शिरले, दारात वळून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. "ये. दोनच पावलं आहेत. मी धरतो."

"अहो, मी येणार नाही."

"भिऊ नकोस."

"भीत नाही. पाय परत येणार नाहीत माझे. डॉक्टरांनी सांगितलंय."

हात तसेच पुढे राहिले. "कधी सांगितलं?"

"सहा महिने झाले तेव्हा. बहिणीबरोबर गेले होते तेव्हा."

हे आठवत होते, चेहऱ्यावर दिसत होतं. "तेव्हा मी एक खिळाही ठोकला नव्हता."

"नव्हता."

"रोज माझ्या हातावर स्क्रू ठेवत होतीस."

"हो."

"हे दार लावलं तेव्हा समोर बसली होतीस."

"तुम्ही शीळ घालत होतात," मी म्हटलं. याहून दुसरं कारण माझ्याजवळ नव्हतं, आजही नाही.

हे रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हे खाली उंबरठ्यावर बसले. एवढा उंच माणूस चार इंचांवर बसला की गुडघे कानाशी येतात, एरवी मी हसले असते. ह्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाहू नये म्हणून ह्यांनी तोंड आतल्या बाजूला वळवलं, पण चारी बाजूंनी काच, माणूस लपणार कुठं? मला उठून जवळ जाता येत नव्हतं. खुर्ची उंबरठ्यापर्यंत गेली आणि तिथंच अडली. तिथून हात लांबवून मी ह्यांच्या पाठीवर ठेवला. ह्यांनी तो झटकला नाही, धरलाही नाही.

रविवारी सकाळी ह्यांनी पुढची बाजू उतरवली. चौकट सोडवली, उंबरठा कापून काढला. दाराशेजारच्या दोन काचा भिंतीला टेकवून ठेवल्या, त्या आता कशालाच लागणार नव्हत्या. शीळ नव्हती. मग फळी काढली आणि टेप घेऊन माझ्यासमोर आले. टेप माझ्या कोपराकडे नेली आणि मधेच थांबले. मग ती माझ्या हातात दिली.

"तूच मोज," म्हणाले. "कोपर कुठं येतं ते. आणि खरं सांग."

मी टेपचं टोक जमिनीला लावलं, कोपराशी टेप अंगठ्याने दाबून धरली आणि आकडा दोनदा वाचला.

"सत्तावीस."

ह्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतात तसं.