फुकटचं गरम पाणी

आमच्या ह्यांच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की मुक्कामालाच राहते.

खाली आमचं आइस्क्रीमचं दुकान, वर घर. फ्रीझरची मशीन मागच्या गल्लीत गरम वारा फेकायची. ती उष्णता घरच्या टाकीतल्या पाण्याला दिली तर अंघोळ फुकट, असं ह्यांनी काढलं आणि नळ्या टाकून घेतल्या. उन्हाळाभर नळाखाली हात पोळत होते. फुकट ते पौष्टिक, म्हणून हे गीझर विकून मोकळे झाले.

मग थंडी आली. थंडीत आइस्क्रीम कोण खातं? झाकणं उघडेनात, नवा माल भरेना. फ्रीझरला कामच नाही म्हटल्यावर मशीन चालायची कशाला आणि उष्णता यायची कुठून? ज्या दिवसांत गरम पाणी हवं, नेमकं तेव्हाच नळाला गार. नवा गीझर घ्या म्हटलं की हे तोंड फुगवायचे.

त्यातच मोठे भाऊजी राहायला आले. ह्यांना ते लहानपणापासून चारचौघांत 'उंटावरचा शहाणा' म्हणत आलेत. धाकट्याची पुन्हा शोभा होणार, ही सासूबाईंना धास्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात उतरले, तर सासूबाई दूध आटवायच्या शेगडीवर पाणी उकळून पातेलीच्या पातेली फ्रीझरमध्ये ठेवत होत्या. मशीन जिवाच्या आकांताने चालू होती. शेजारचे आइस्क्रीमचे डबे मऊ पडले होते.

"अहो आई, हेच पाणी बादलीत ओतून द्या ना भाऊजींना."

"बादलीतलं माझं होईल," त्या म्हणाल्या. "नळातलं माझ्या धाकट्याचं."

हा द्राविडी प्राणायाम बघून मला हसू आलं आणि संतापही. वर जाऊन सगळं सांगून टाकलं असतं तर गीझर त्याच दिवशी आला असता. तशी मी गेलेही.

वर हे मला सांगत होते की नळाला गरम पाणी आलंय, काल व्हॉल्व्ह पिळला, त्याचा हा गुण. तेवढ्यात भाऊजी डोकं पुसत बाहेर आले. अंगातून वाफा निघत होत्या.

"जमलं की रे तुला," ते म्हणाले.

ह्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं पाहिलं नव्हतं. मला गलबलून आलं.

"आता आठवडाभर हलत नाही मी," भाऊजी म्हणाले.

मी खाली गेले आणि दुसरी शेगडी पेटवली.