सातव्या आकड्याची खुर्ची

मित्रांनो, माझ्या अंगावर आता बोटभर धूळ आहे, तरी ओळख करून देते. मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे. पाठ ताठ, बैठक कडक, चारही पायांना रबराची बुचं. देखणी म्हणाल तर मुळीच नाही. पण कामाची होते, आणि हे माझं मीच सांगते आहे असं समजू नका. व्यायामवर्गाच्या ताई सगळ्यांना सांगत असत.

सुताराने मला एका वाचनालयासाठी घडवलं. बाकीच्या खुर्च्या करून झाल्या आणि माझे हात करायला त्याच्याकडे लाकूडच उरलं नाही. वाचनालयात त्यावरून मला नावं ठेवली जात. लोक हातवाल्या खुर्च्या आधी पकडत आणि मी कोपऱ्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सांभाळत बसे. पुढे वाचनालय बंद पडलं आणि मी एका दवाखान्यामागच्या हॉलमध्ये आले. तिथे माझं नशीब उघडलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहाला तिथे जुनाट दुखणी असलेल्या माणसांचा व्यायामवर्ग भरे. कोणाला मधुमेह, कोणाला दमा, कोणाचे गुडघे कुरकुरणारे. बसून व्यायाम करताना खुर्चीचे हात आडवे येतात, म्हणून व्यायाम घेणाऱ्या ताईंनी सगळ्यांत आधी मला निवडलं.

वर्गात दहा खुर्च्या गोल मांडत. मोजायची पद्धत मात्र जगावेगळी होती. दहापर्यंत मोजायचं, पण प्रत्येकाने आपला एकच आकडा मोठ्याने म्हणायचा. जोर लावताना माणसं श्वास कोंडून धरतात, आकडा म्हटला की तो आपोआप सुटतो, असं ताई सांगत. कोणी आलं नाही तर त्याची खुर्ची तशीच ठेवायची आणि त्याच्या आकड्याला सगळ्यांनी गप्प राहायचं. ही कल्पना आठव्या आकड्याच्या मास्तरांची. गुडघ्यांनी त्यांना शाळेतून घरी बसवलं होतं, पण जीभ अजून नोकरीवरच होती. "जागा धरून ठेवा रे," ते म्हणत, "आज त्याची, उद्या आपली."

मी सातवी. माझ्यावर घड्याळकाका बसत. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारे त्यांचे हात आता कंपवाताने थरथरत. बायको गेली होती, मुलगी दूरच्या शहरात होती. पण "सात" म्हणताना त्यांचा आवाज खणखणीत लागे. घरी त्यांना मोठ्याने बोलायला कोणी नव्हतंच.

एका शुक्रवारी व्यायामानंतर पाणी पिताना काकांचा पेला हिंदकळला आणि शेजारच्या, सहाव्या आकड्याच्या मावशींच्या मांडीवर सांडला. "अहो काका, आंघोळ करून आलेय मी!" मावशी म्हणाल्या. सगळे हसले. काकाही हसले. पण त्यांच्या बोटांनी माझ्या बैठकीची कड घट्ट धरली होती, ते फक्त मला ठाऊक. उठताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. हा माणूस आता येत नाही, हे मी ओळखलं. पण सांगणार कशी? खुर्चीला पाठ असते, पाय असतात, तोंड तेवढं नसतं.

सोमवारी काका आले नाहीत. "लेकीकडे गेले असतील," मावशी म्हणाल्या. "सहा" झालं, मग शांतता, मग "आठ". बुधवारीही तेच, शुक्रवारीही तेच. तिसऱ्या आठवड्यात तर ती शांतता इतकी अंगवळणी पडली की ती कोणाला जाणवेनाशी झाली. माणसं मायाळू होती, बरं का. एकानेही माझी जागा हलवली नाही. मावशी दर वर्गाला माझ्यावर फडकं मारत. आणि काकांच्या घराकडे मात्र कोणी फिरकलं नाही. त्या भरल्या वर्गात मला फार एकटं वाटे.

मग एके दिवशी एक नव्या आजी आल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या. "सहा" झाल्याबरोबर त्या ठणकावून म्हणाल्या, "सात!"

मावशी दचकल्या. "अहो आजी, सात काकांचं आहे. ते यायचेत."

"कुठे आहेत ते?"

"लेकीकडे."

"कोण म्हणालं?"

मावशींनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी ताईंकडे.

त्याच दिवशी मावशी आणि मास्तर काकांच्या घरी गेले. पुढच्या वर्गात त्यांनी सांगितलं ते असं. काका घरीच होते. दार उघडायला त्यांना पाच मिनिटं लागली. खोलगट, मऊ पलंगावर दिवसच्या दिवस बसून त्यांचं अंग आखडलं होतं. आधी ते म्हणाले, "पाणी सांडणारा माणूस वर्गात कशाला?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही विचारायला याल असं वाटलं होतं. दर सोमवारी दाराकडे कान लावून बसायचो."

"मी गंमत केली हो," असं म्हणून मावशी सगळ्यांसमोर रडल्या.

काकांना आता जिना उतरवत नव्हता. तेव्हा ताईंनी मलाच त्यांच्याकडे धाडायचं ठरवलं. मला नेलं कोणी? गुडघेवाल्या मास्तरांनी आणि दमेवाल्या मावशींनी. दोन मजले चढायला अर्धा तास लागला आणि वाटेत तीनदा माझ्यावरच बसून झालं. पण मी पोहोचले. मग दहा वाजले की काकांचा फोन वाजे, त्यातून "सहा" ऐकू येई आणि माझ्यावर ताठ बसलेले काका "सात!" म्हणत. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं. तरी हॉलपर्यंत काका पुन्हा कधीच गेले नाहीत. त्या वाया गेलेल्या दिवसांनी पायांतलं जे बळ नेलं, ते परत आलं नाही.

शेवटी मुलगी त्यांना घेऊन जायला आली. सामान उतरवायला मास्तर आणि मावशीही आले होते. जिन्यातून काकांचा आवाज आला, "खुर्ची घेतली ना?"

"घेतली असेल," कोणीतरी म्हणालं. मग दाराला कुलूप लागलं.

मी गाडीत नाही हे कळल्यावर काकांनी समजूत करून घेतली असेल, वर्गवाल्यांनी परत नेली. वर्गवाल्यांना वाटत असेल, मी काकांबरोबर गेले. फोनवर आकडे मोजताना खुर्चीची चौकशी कोण करतो!

मित्रांनो, माझं काय, मी लाकडाची. पण तुमच्यातलं कोणी नेहमीच्या जागी दोनदा दिसलं नाही, तर "असेल कुठेतरी" म्हणून स्वस्थ बसू नका. त्याची जागा जरूर धरून ठेवा, पण आधी जाऊन त्याचं दार वाजवा.

काकांचं भिंतीवरचं घड्याळ अजून चालू आहे. वार मला कळत नाही, म्हणून रोज दहा वाजता मी मनात मोजते. सहापर्यंत येते. मग थांबते, आणि जिन्यात पावलं वाजतात का ते ऐकते.