चरवीतलं दूध

मी एक जुनी, दूध तापवायची पातेली आहे. मित्रांनो, कुठे घडले, कोणत्या बाजारातून आले, ते राहू द्या. आधी चरवीचं बोलू. तिचा मला मत्सर वाटतो.

चिंचेने घासलेली पितळी चरवी. दूध काढताना कासेखाली तीच. डेअरीचं दूध कॅनमध्ये गेलं, की घरचं दूध आमचे मालक आश्रुबा चरवीतूनच, न तापवता प्यायचे.

"धारोष्ण दुधात लई ताकद. चुलीवर ठिवलं की मेलं ते!"

मेलं म्हणे. माझ्या पोटात!

दुष्काळ पडला. आश्रुबा गाय घेऊन पालीजवळच्या चारा छावणीत गेले. चरवी सोबत. मी घरी, शेळीचा भरडा भिजवायला.

छावणीत शेजारच्या गाईने गाभ टाकला. मग आमच्या गाईनेही. तिची वार आत अडकली, ती आश्रुबांनी उघड्या हातांनी ओढून काढली. पुढे त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. कंबर धरली. "हिवताप हाय," म्हणत ते घरी येऊन पडले. गाईपाशी मुलगा जालिंदर थांबला.

गाभ गेला तरी गाईला थोडं दूध उतरलं. जालिंदरने ते गरोदर बायकोसाठी, सरूबाईसाठी, घरी आणलं. चरवीतून. माझ्यासमोरून मिरवत गेली ती!

"पी पोरी," आश्रुबा सुनेला म्हणाले, "नातू पैलवान व्हील."

चरवी तिच्या ओठांशी. चूल विझलेली होती, तरी मी जळत होते.

तेवढ्यात छावणीतले जनावरांचे डॉक्टर दारात आले. "थांबा! कच्चं पिऊ नका. तुमच्या गाईच्या रक्तात गाभ पाडणारे जिवाणू सापडलेत. दुधातून, वारेतून ते माणसाच्या अंगात शिरतात. बाबा, तुमचा ताप त्यातलाच असणार. उद्याच रक्त तपासून घ्या. पोटुशीला तर जास्तच धोका."

"गाईचं दुखनं मानसाला कसं लागंल, सायब? गाय आई हाय."

सासू सिंधुबाईने चरवी हिसकावली. "आई हाय, पन आजारी हाय! सोता कन्हत पडलात, आन आता हिला बी पाडता का?"

तिने भरडा ओतून मला राखेने घासलं, दूध ओतलं, चूल पेटवली. दूध फुगून वर आलं, खाली बसलं, पुन्हा वर आलं. चरवी कोपऱ्यात, रिकामी. मला फार बरं वाटलं.

आश्रुबांच्या रक्तातही तेच जिवाणू निघाले, कित्येक आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. अजून कुरकुरतात, "ह्या पातेलीनं चव घालवली."

घालवली. मित्रांनो, चव जाऊ द्या, पण दूध उकळूनच प्या. गाभ टाकलेल्या गाईला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

सरूबाईला मुलगी झाली. ती आईच्या पदराखाली चुटूचुटू दूध पिते. ना चरवी, ना मी. मी फळीवरून बघत राहते. ते दूध मात्र मी मागत नाही.